सोनसूप पिक्चर्सचा अकरावा शॉट

“चार दिवस माहा फोन नाई लागला, तर पाचव्या दिवशी कोणाले तरी धाड वो माय,” असं सोनीआत्या दिवाळीत म्हणाली होती. नूतनने ते हसण्यावारी नेलं. “तुझ्या टोल्यावर, त्या आडवस्तीत, रेंज कधी असते, कधी नसते!”

मंगळवारपासून आत्याचा फोन बंद होता. आज शनिवार.

तापाने फणफणलेलं दीड वर्षांचं पोर कडेवर घेऊन नूतन बल्लारपुरातल्या ललिता रामटेकेच्या ऑफिसचा जिना चढली. ललिता तिची कॉलेजातली मैत्रीण. आता खासगी तपासनीस होती.

“माझी सोनीआत्या कुरखेड्याच्या पुढे, नाल्यापलीकडे एकटी राहते गं. फॉरेस्टवाले म्हणतात, तिकडे वाघ आहे, मंगळवारपासून रस्ता बंद. बाई गावातल्या तिघांना दिसली, मग आम्ही कशाला माणसं धोक्यात घालू?”

“तिघं कोण?”

ललिताने पहिला फोन किराणा दुकानवाल्या अन्नपूर्णाला लावला.

“परवाच तर पाह्यली ना वो ताई! धान पाखडून राह्यली होती. हासत होती.”

“दुकानात आली होती?”

“छ्या! वाघाच्या भेवानं ना कोणी तिकडून येऊन राह्यलं, ना इकडून जाऊन राह्यलं.”

ललिताने नुसतं “हं” केलं.

दुसरा विक्की. गावातल्या सोनसूप पिक्चर्स या फिल्म कंपनीचा एडिटर. “आत्या एकदम टकाटक! परवा आपली फिल्म टाकली यूट्यूबवर, पाह्यली नाई का? सुरुवातीलेच हाय ते.”

तिसरे देवरावभाऊ, कंपनीचे मालक. “आपला रिवाज हाय, बाई. दर पिक्चरले आत्याचा नवा शॉट. बुधवारी घेतला, तिच्याच अंगणात.”

नूतनचा जीव भांड्यात पडला. बाळाने तिची करंगळी मुठीत धरली होती. “मीसुद्धा आत्याची डावी करंगळी अशीच धरायची. विळ्याने अर्धी गेलेली. माझ्या मुठीत बरोबर मावायची.”

“ते सगळे शॉट दाखव,” ललिता म्हणाली. “पहिल्यापासून.”

अकरा पिक्चर, अकरा सुरुवाती. आत्या सूप झटकते, कोंडा उडतो आणि त्यातून ‘सोनसूप पिक्चर्स’ उमटतं. सीडीच्या काळातल्या पहिल्यात ती लाजून पदर दातात धरते. तिसऱ्यात अक्षरं सोनेरी झाली. लॉकडाऊनच्या वर्षी तोंडाला मास्क. त्यावर दोघी हसल्याही. सातव्यात मागून पांढरी कोंबडी डावीकडून उजवीकडे जाते. आठव्यापासून आत्याला चष्मा लागलेला. दहाव्यात पाठ वाकली.

अकरावा. पाठ ताठ, चष्मा नाही. पदर उजव्या खांद्यावर. मागून पांढरी कोंबडी उजवीकडून डावीकडे.

“मोतीबिंदू काढला वाटतं,” नूतन म्हणाली. “आणि पदर घ्यायची तऱ्हाही बदलली बाईने! ही बघ तिची अर्धी करंगळी, सुपाच्या काठावर.”

“कोणत्या हाताची?”

नूतनने स्क्रीनवर बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं.

ललिताने तिघांनाही एकाच कॉलवर घेतलं.

“अन्नपूर्णाबाई, नाला कोणी ओलांडला नाही, आत्या इकडे आली नाही. मग परवा तुम्ही तिला पाहिलं ते मोबाइलवर. पिक्चर परवाच आला.”

“हो... मोबाइलमंदीच. पन शॉट ताजा असते ना वो!”

“ताजा नाही. आत्याची डावी करंगळी तुटलेली आहे, इथे उजवी दिसते. पदर उलटा, कोंबडी उलटी. कंपनीचं नाव नंतर चढवलं, म्हणून तेवढं सुलट. हा सातवा शॉट आहे, आरशासारखा फिरवलेला. चष्मा लागायच्या आधीचा. विक्की, खरं की नाही?”

“भाऊंनी सांगतलं म्हणून केलं, मॅडम.”

“बुधवारी रस्ता बंद होता, देवरावभाऊ. तुम्ही अंगणात गेलातच कसे?”

देवरावभाऊंचा आवाज उतरला. “इतक्या वर्षांचा रिवाज मोडला म्हनून लोक हासले असते, बाई. वाटलं, आत्या कुठी जाते... चांगलीच असन.”

“म्हणजे मंगळवारपासून तिला एकाही माणसाने पाहिलेलं नाही. तुमच्या शब्दावर फॉरेस्टवाले थांबले आहेत. आता त्यांना तुम्हीच खरं सांगा.”

देवरावभाऊंनी सांगितलं. तासाभरात पंधरा माणसं, चार वनरक्षक, तेलाचे डबे बडवत नाल्यात उतरली. विक्की सगळ्यांत पुढे होता. नूतन विक्कीचा चालू कॉल कानाला लावून बसली. डब्यांचा आवाज, मग कुत्रं, मग दार मोडल्याचा आवाज. बाळ रडायला लागलं, तिला कळलंच नाही.

“चुलीजवळ पडली हाय!” विक्की ओरडला. “पाय मोडला वाटते. आत्या! ओ आत्या!”

 मग पाणी ओतल्याचा आवाज, मग ठसका, आणि एक खरखरीत स्वर: “कोन, विक्क्या? उशीर केला बापा.”

त्याच दिवशी बाजेवर घालून आत्याला नाल्याअलीकडे आणलं.

वाचणाऱ्या ताई, भाऊ, तुमच्याही घरचं एखादं म्हातारं माणूस स्टेटसवर, लग्नाच्या व्हिडिओत, ग्रुपवरच्या फोटोत दिसत असेल. त्याला समोरासमोर शेवटचं कोणी पाहिलं, कधी पाहिलं, तेवढं आज विचारा. कोणाला सांगता आलं नाही, तर जवळपास राहणाऱ्या कोणाला तरी दार वाजवायला पाठवा. आतून आवाज येईपर्यंत फोन ठेवू नका.