तुमच्या मशीनले आमची बोली समजन का?

पोह्यांवरच्या झणझणीत तर्रीचा लाल ओघळ थेट अपेक्षाच्या पांढऱ्या ओढणीवर उतरला.

“दिसत नाई का तुमाले?” ती कडाडली.

“दिसते ना...” हातातली पोह्यांची प्लेट सावरत तो म्हणाला. “तुमच्याकडंच पाहून राह्यलो होतो, म्हनून त धक्का लागला.”

रागवावं की हसावं, तिला कळेना. यवतमाळच्या त्या कॉलेजच्या फाटकासमोर, जानेवारीच्या कोवळ्या उन्हात, पोह्यांच्या गाडीशी ही गाठ पडली. ती डाग धुऊ लागली, तर तो तांब्यातून बेताबेताने पाणी ओतत राहिला.

“महागावकडच्या काय तुम्ही?”

“हाव. कसं ओळखलं?”

“रागावलं की गाव लपत नाई.”

त्याचं नाव नयन. पांढरकवड्याचा. तोही तिच्यासारखाच संगणकवाला, आणि तिच्यासारखाच पायथॉन ही संगणकभाषा वापरणाऱ्यांच्या संमेलनाला आलेला.

“दुपारी माहं भाषण हाय. पह्यलंच... हात गार पडून राह्यले पाहा.”

“भेव कायले?” अपेक्षा म्हणाली. “माहं त सकाळीच हाय, मंग बसते ना मी समोर.” तो लगेच म्हणाला, “आधी मी बसतो तुमच्यासमोर. मंग तुम्ही बसजा माह्यासमोर.”

ती मान वळवून हसली. कितीतरी दिवसांनी ती इतकं मोकळं बोलली होती.

सभागृहात मात्र ती वेगळीच झाली. आयोजक पद्मजाताईंनी ‘पुण्याहून आलेल्या तज्ज्ञ’ अशी ओळख करून दिली, आणि महागावचं नाव तिने स्वतःहूनही घेतलं नाही. बोललेली मराठी ऐकून लिहून काढणारं सॉफ्टवेअर तिच्या गटाने बनवलं होतं. ती बोलत गेली, पडद्यावर अक्षरं उमटत गेली. टाळ्या पडल्या. मग तिसऱ्या रांगेतून नयन उठला.

“मॅडम, तुमच्या मशीनले आमची बोली समजन का?”

पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागे वळून पाहिलं. कोणीतरी खुदकन हसलं. साधं ‘नाही’ म्हणायचं होतं. पण सभा मुठीत आली होती, आणि अपेक्षाच्या तोंडून निघून गेलं —

“आधी मला तरी समजू द्या!”

सभागृह खदखदून हसलं. नयनही हसला. मान हलवून खाली बसला... त्याचे कान मात्र लाल झाले होते.

पुढचं ती काय बोलली, तिचं तिलाच आठवेना.

जेवताना पद्मजाताई वैतागून म्हणाल्या, “दुपारचा तो मुलगा नाही म्हणतोय गं. घसा बसलाय म्हणे.”

अपेक्षाने ताट तसंच ठेवलं.

नयन बाहेर मोटारसायकलींपाशी हेल्मेट घालत होता. तिला पाहून थांबला.

“घसा बसला?”

“हाव.”

“खोटं बोलू नका.”

“तुम्ही नाई बोलल्या?” त्याने शांतपणे विचारलं. त्याचा आवाज चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. “रागावलो नाई मी. फक्त असं वाटलं — जिले समजते तेच हसली, त ज्याईले समजत नाई ते किती हसतीन?”

तिचे डोळे भरून आले.

“ऑफिसात मायचा फोन आला की मी जिन्यात जाते,” ती म्हणाली. “कोनी ऐकू नये म्हनून. तिचं बोलनं एकदा त्या सॉफ्टवेअरले ऐकवलं होतं. काहीच्या काही लिहिलं त्यानं. मी ते पुसून टाकलं... अन् कोनाले सांगितलंच नाई.”

नयनने गाडीला किल्ली लावली.

“थांबा म्हनायचं तोंड नाई माह्याजवळ,” ती म्हणाली, आणि वळली. तो मागे येतोय का, हे पाहायचंही धाडस तिला झालं नाही.

पद्मजाताईंकडून तिने माइक मागून घेतला.

“सकाळी एका जनानं विचारलं, आमची बोली समजन का. मी हसली, तुमालेही हसवलं. मी महागावची हाय. हेच बोलत लहानाची मोठी झाली. उत्तर असं हाय, की नाई समजत. माह्या मायचं एक वाक्य समजत नाई त्याले, काहून की आमी शिकवलंच नाई. लाज बोलीची नाई, माही मले वाटून राह्यली.”

टाळ्या पडल्या नाहीत. पुढच्या रांगेतल्या एकाने खाली मान घालून मोबाइल काढला. अपेक्षा पायऱ्या उतरली, तेव्हा दारात नयन उभा होता.

तो बोलला. अडखळत, पाणी पीत, पण बोलला. रोज सकाळी शेतकऱ्यांना फोन करून कापसाचा भाव सांगणारा त्याचा प्रोग्राम होता, आणि फोनवरचा आवाज त्याच्या वहिनीचा — “भाऊ, आज घाई नोका करू, भाव पडेल हाय!” सभागृह पुन्हा हसलं. या वेळी आपुलकीने. समोर बसलेल्या अपेक्षाला मात्र त्याच्याकडे सरळ पाहवत नव्हतं.

संध्याकाळी पुण्याच्या ट्रॅव्हल्सपाशी तो तिची बॅग घेऊन आला.

“माफ केलं का?” तिने विचारलं.

“अजून नाई. हळूहळू करतो... त्याच्यासाठी भेटा लागन पुन्हा पुन्हा.”

“येईन ना. लोकांची बोली रेकॉर्ड करायले. मशीनले शिकवायची हाय आता.”

“मंग मी रोज एक वाक्य पाठवतो.”

“आजचं सांगा.”

ड्रायव्हरने हॉर्न दिला. नयन घाईघाईने म्हणाला, “तुम्ही मले सकाळीच आवडल्या. सभागृहात नाई आवडल्या. अन् आता... जाऊ द्यावंसं नाई वाटून राह्यलं तुमाले.”

अपेक्षाने बसच्या दांडीला घट्ट धरलं. अंगभर ऊब पसरत गेली, तरी सकाळची लाज तिथेच कुठेतरी टोचत होती.

“हे वाक्य मशीनले नाई देत मी,” ती म्हणाली.

“काहून?”

“मले ठेवायचं हाय.”