टोपाच्या गाठी

डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितलं होतं. डोकं दुखलं की लगेच लिहायचं: काय खाल्लं, किती झोप झाली, कसला वास आला, कोणाशी भांडण झालं. कारण सापडलं तर ठीक, नाहीतर कडक गोळ्या. आणि त्या गोळ्यांनी हात थरथरतात. हात थरथरला की तिच्या पोटावर पाय आलाच. ती केसांचे टोप करायची. बारीक हूकने एकेक केस जाळीत ओवायचा आणि गाठ मारायची, दिवसाला हजारेक गाठी.

तीन आठवडे लिहून लिहून ती चिडली होती. चहा सोडला, टीव्ही सोडला, अत्तर सोडलं. नवरा म्हणाला, "आधी राग सोड." तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःला साधी सर्दी झाली की घर डोक्यावर घेणारा माणूस!

त्या दुपारी सगळे जेवायला गेले असताना तिने कारखान्यात बसून वही चाळली. रविवारी दुखणं नाही. परवाच्या मंगळवारीही नाही, कारण दिवसभर नाटकवाल्यांच्या मिशा केल्या होत्या. दुखलं होतं ते फक्त समोरच्या लांब काळ्या टोपाचं काम करायला बसल्यावर. तिने त्यात एक गाठ मारली. टाळूत सुई घुसल्यासारखं झालं. मिशीत मारली, काही नाही. पुन्हा टोपात... आई गं!

तेवढ्यात मालक आले.

"हे केस कोणाचे?" तिने विचारलं.

"केसांना काय पत्ता असतो, बाई?"

"मालक, मी नीट विचारतेय."

"इस्पितळातल्या आयाने दिले. मेलेलीचे नाहीत हो, जिवंत आहे ती. उवा झाल्यात सांगून कापले. चौघींनी धरून ठेवलं तिला, एवढंच."

"आणि आता?"

"आता ओरडते म्हणे, कोणीतरी माझे केस ओढतंय. सकाळी दहाला सुरू, संध्याकाळी सहाला बंद. रविवारी गप्प." ते हसले. "डोक्यावर केस नाहीत, तरी!"

दहा ते सहा. कारखान्याची वेळ. तिला स्वतःच्या हातांची शिसारी आली, आणि त्या हसण्याचा असा संताप आला की हूक तिने टेबलावर आपटला.

"मी आता एकही गाठ मारणार नाही. सगळे सोडवून तिचे तिला परत द्या."

"गिऱ्हाईक संध्याकाळी दारात उभं राहील! सरका, मीच मारतो."

मालक बसले. एक गाठ. दुसरी. "बघा, मला कुठे काय होतंय?"

तिचंही डोकं दुखलं नाही. इतकं हलकं ते तीन आठवड्यांत झालं नव्हतं. जाळीला हूक घासल्याचा आवाज तेवढा येत होता, आणि कुठूनसा फिनेलचा वास.

फोन वाजला. मालकांचे हात गुंतलेले, म्हणून तिने उचलला. आया होती, दबक्या आवाजात बोलत होती.

"बाई... ती आज एकदम शांत झाली हो. हसतेय. म्हणते, त्या बाईला मी सोडलं..."

"मग?"

"मग... कात्री मागतेय. आणि आता तिथे जो बसलाय ना... त्याच्या डोक्याचं माप विचारतेय."

मालक मान खाली घालून चौथी गाठ मारत होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली. चौघींनी धरून ठेवलेली ती बाई तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"मालक," ती म्हणाली, "जरा मान सरळ ठेवा." आणि तिने टेप उचलली.