पतंगातला रानबैल

ही गोष्ट १९५७ सालची, जावा बेटावरच्या आमच्या टाकसाळीच्या वसाहतीतली. भिंतीपलीकडे नाणी पडत, नोटा छापल्या जात. तिथल्या कागदाचं कोठार शाळकरी वुर्यानीचे वडील, पाक (म्हणजे श्रीयुत) दारमाजी, सांभाळत. त्या सुट्टीत कोठारातले कोरे ताव कमी भरले आणि चोरीचा आळ त्यांच्यावर आला. शुक्रवारची नमाज झाली की पोलीस त्यांना नेणार होते.

त्या सकाळी शेजारच्या कुंचोरोने पतंग घेऊन वुर्यानीला ओढतच मैदानावर आणलं. "चल गं! रडून ताव परत येणारेत का?"

त्याची बहीण तारसिह हिने ढील दिली. पतंग सूर्यासमोर आला आणि वुर्यानी किंचाळली, "उतरव!"

"वेडी का? आत्ता कुठे वारा धरलाय!"

"अरे, कागदात बघ!"

पतंग उन्हासमोर धरला. आत रानबैलाचं डोकं उमटलं! नोटेच्या कागदातलं जलचिन्ह!

"कुठून आणलास हा?"

"सस्मितो साहेबांच्या मुलीच्या लग्नात टोपली मिळाली ना, तिच्यात भाताखाली होता. फाटतच नाही गं!"

लग्नाच्या जेवणानंतर घरोघरी अशी टोपली गेली होती. सस्मितो कोठाराचे वरिष्ठ अधिकारी.

"त्यांना कळलं तर ते कागद गोळा करतील," तारसिह म्हणाली.

"मग आधी आपण करू!"

मुलं दारोदार फिरली. दार उघडणाऱ्या बाईला म्हणत, "इबू, टोपलीतला कागद आहे? पतंगाला हवाय!" कुणी फडताळातून काढून दिला, कुणी वहीला घातलेला उतरवून. त्या सगळ्यांचे पतंग झाले.

नमाज सुटली. टाकसाळीचे संचालक मशिदीच्या पायरीवर चपला घालत होते, तोच अंगणावर अगदी खालून पतंग तरंगत आले. प्रत्येकात एक रानबैल!

"हा कागद कुठला?" ते गरजले.

वुर्यानीने मान लववली आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, बोटाऐवजी अंगठ्याने, अदबीने दाखवलं. "पाक सस्मितोंच्या टोपलीतला."

"पोरखेळ आहे!" सस्मितो ओरडले.

"आमच्याही टोपलीत होता, साहेब," म्हातारा माळी म्हणाला. "भात मात्र छान होता हो!"

पण हसलं कुणीच नाही. सस्मितो खाली बघत पुटपुटले, "भिजलेले ताव... जाळायचेच होते. कोरा कागद तर, म्हटलं..."

"आणि दारमाजींवर आळ आला तेव्हा?" संचालकांनी विचारलं.

संचालकांनी दारमाजींचे दोन्ही हात धरून माफी मागितली. मग ते मुलांकडे वळले. "आम्ही सगळे खाली मान घालून शोधत होतो. तुम्ही वर बघितलंत. शाब्बास!"

दारमाजी निवृत्तीपर्यंत कोठारातच राहिले. तारसिह शिक्षिका झाली. कुंचोरो जहाजावर गेला, तो परतलाच नाही. वुर्यानी पुढे त्याच छापखान्यात जलचिन्हं रेखाटायला लागली.

सस्मितोंची नोकरी गेली. वसाहत सोडताना त्यांनी निरोपाचं जेवण घातलं. कोणी फारसं गेलं नाही. संध्याकाळी दारमाजींच्या दाराशी एक टोपली ठेवलेली दिसली. भाताखाली केळीचं पान होतं.