रीस्टार्टनंतर गुरुदास

दारात हेल्मेट काढत गुरुदासने विचारलं, "परत गेला नेट?"

"गेला. बाबांनी परत प्लग काढलो."

लाटंबार्श्यात आमच्या घरी दुपारी जेवून सगळे निजतात, आणि बाबांच्या मते यंत्रालाही तासभर निजू द्यावं. एरवी ते चालूच असतं, पण आठवलं की बाबा दुपारी प्लग काढतात. तीन वाजता मी कॉम्प्युटर चालू करायची, लिनक्स शहाण्यासारखं सुरू व्हायचं… आणि नेट नाही. मग डिचोलीच्या नेटवाल्यांना फोन. यायचा नेहमी गुरुदासच. जूनपासूनची ही त्याची अकरावी खेप. तो टाइप करायचा तेव्हा मी त्याच्याकडे बघायची. त्याला ते कळायचं आणि तो चुकायचा.

आज तो थेट कीबोर्डपाशी बसला. आधी एका साइटचा आकड्यांतला पत्ता टाकला, उत्तर आलं. मग तिचं नाव टाकलं, काहीच नाही.

"वायर बरी, राउटर बरो," तो म्हणाला. "नावावरून पत्तो सांगणारो सर्व्हर खंयचो, ता ह्यो कॉम्प्युटर बंद केल्यार विसरता."

एरवी तो त्या सर्व्हरचा आकडा भरून, चहा पिऊन निघायचा. आज त्याचे हात थांबले.

"माजी बदली झाली. फाल्यासून मी मुरगावच्या ऑफिसात. हंय दुसरो कोण येतलो… म्हणान आज कायमचा करून दितंय."

मी विचारलं, "कायमचा? म्हणजे ता पयलीच करूक येय होता?"

त्याचे कान लाल झाले. "एका फायलीत एक ओळ घालूची. पयल्याच दिसा घातली असती तर… माका परत कोण बोलावतला?"

रागवायला हवं होतं. मला हसू फुटलं.

"ती ओळ माका दुसऱ्या खेपेकच गावली," मी म्हणाले. "लिनक्साच्या पुस्तकात."

"मगे घातलीस कित्याक नाय?"

"तुज्यासारख्याच कारणान."

मी कीबोर्ड माझ्याकडे ओढला. ओळ घातली, फाइल सेव्ह केली, कॉम्प्युटर रीस्टार्ट केला. दोघंही पडद्याकडे बघत राहिलो. नेट आलं. इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

"आता बोलावूक काय कारण उरला नाय," तो हळूच म्हणाला.

"नायच उरला. आयतारी ये… येताना तुज्या आई-बाबांक घेवन ये."

"तेंका कित्याक?" तो बोलता बोलता थांबला. माझ्याकडे बघितलं—पहिल्यांदाच सरळ. "किती वाजता?"

"धा वाजता."

मग खिशातून कामाचा कागद काढून त्याने 'तक्रार मिटली' लिहिलं आणि सहीसाठी माझ्यापुढे धरला. मी सही केली आणि तारखेच्या जागी 'रविवार, दहा वाजता' लिहिलं.