निशाणांच्या मधलं पाणी

समुद्रात पोहायला आलेला माणूस आधी शांत पाणी शोधतो आणि नेमका तिथेच फसतो. बावीस वर्षं मी हे घसा फोडून सांगत आले. दोन्ही बाजूंना लाटा फुटून पांढरा फेस होतोय आणि मध्येच एक काळसर, गुळगुळीत पट्टा दिसतोय, की समजायचं, किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथून परत चाललंय. आम्ही त्याला ओढ म्हणतो. ओढ माणसाला बुडवत नाही, फक्त आत नेते. माणूस तिच्याशी झटापट करून दमतो आणि मग बुडतो. तिच्यात सापडलात तर तरंगत राहायचं, एक हात वर करायचा, अंगात जोर असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून फेसात शिरायचं. पुढचं काम लाटा करतात, त्या बाहेर आणून टाकतात. एवढं ऐकून घ्यायला लोकांना सवड नसते, म्हणून निशाणं लावायची.

मी त्या किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांची मुख्य होते. सकाळी साडेसहाला मनोऱ्याच्या बारा पायऱ्या चढायच्या, वीस मिनिटं नुसतं पाणी बघायचं. मग जिथे लाटा फुटताहेत, म्हणजे खाली वाळूचा उंचवटा आहे, तिथे दोन लाल-पिवळी निशाणं रोवायची. लोकांनी त्यांच्या मध्ये पोहायचं आणि मुख्याने निशाणांच्या बरोबर मागे खुर्ची टाकून दिवसभर बसायचं, असा आमचा शिरस्ता. माझ्या आधीचे मुख्यही तसेच बसत. मनोऱ्यावर माझा सहकारी असायचा. काटकुळे लांब पाय, म्हणून त्याला सगळे पाणकोंबडा म्हणत. बायकोसुद्धा.

रोजचं पहिलं गिऱ्हाईक माझी आई. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र शाबूत. काठी टेकत यायची, काठी वाळूत खुपसायची आणि एकदा का पाण्यात शिरली की तिला गुडघे आहेत हेच ती विसरायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, पोहणं सुटलं की चालणं सुटेल. चालणं सुटल्यावर आईचं काय होईल ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

त्या मंगळवारी ती पाण्यातून बाहेर आली ती फणफणतच.

"आज तुझ्या निशाणांत ओढ होती."

"काहीतरीच काय! फेस बघून लावलीत मी."

"मग तुझा फेस तुझ्याजवळच ठेव. पार बाहेरच्या तरंगत्या पिंपापर्यंत गेले होते. आडवी पोहले म्हणून आले. नाहीतर तुझ्या खुर्चीसमोरूनच टाटा केला असता."

मी वळून बघितलं. दोन्ही निशाणांच्या मध्ये, अगदी मोजून-मापून, काळसर पट्टा होता. मला शरमेनं मेल्यासारखं झालं. बावीस वर्षांत अशी चूक नाही आणि झाली तीही आईच्या बाबतीत. मी निशाणं उपटली, दोनशे पावलांवर चांगल्या दणदणीत फेसासमोर रोवली आणि खुर्ची तिकडे नेली. चाळीस मिनिटांनी फेस विरला आणि पट्टा तिथे आला.

आता, वाळूचा उंचवटा असा उठून चालायला लागत नाही. मोठं वादळ आलं तर एखाद्या रात्रीत जागा बदलतो, एरवी आठवडे लागतात. मी डोळ्यांवर विश्वास ठेवणारी बाई नाही, म्हणून पाण्यात रंगाची पूड टाकून बघितली. हिरवा डाग सरळ रेषेत आत गेला. ओढच होती. तीन दिवसांत मी निशाणं सात वेळा हलवली आणि दर वेळची वेळ वहीत लिहिली. आधी चाळीस मिनिटं, मग पंचवीस, मग दहा. सातव्या वेळी दुसरं निशाण ठोकून मी मान वर केली, तर ओढ आधीच येऊन थांबली होती.

"ताई, मला हे काही बरं दिसत नाही," पाणकोंबडा म्हणाला. त्याने दुर्बीण गळ्यातून काढून ठेवली होती.

"मग नको बघूस."

"मी बघायचा पगार घेतो ना."

साहेबांना फोन केला. साहेब गावातल्या कचेरीत, पंख्याखाली. समुद्र त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात होता तेवढाच.

"निशाणं नाहीत तर किनारा बंद," ते म्हणाले. "नियम आहे. बंद करू का? सांगा."

किनारा बंद म्हणजे आईचं पोहणं बंद. मी म्हटलं, "नको. लावते निशाणं." आणि फोन ठेवल्यावर मला जो संताप आला, तो साहेबांचा नव्हता. असल्या उंटावरच्या शहाण्यांची मला सवय आहे. मी बाहेर येऊन पाण्याकडे बघितलं आणि मोठ्याने म्हटलं, "तुला निशाणं हवीत ना? घे."

किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला नुसते खडक आहेत. तिथे कुत्रंही पाण्यात उतरत नाही. दुसऱ्या दिवशी मी निशाणं तिथे लावली, शिरस्त्याप्रमाणे मागे खुर्ची टाकली आणि कर्णा घेऊन लोकांना सांगितलं, आज निशाणांपासून लांब, मनोऱ्यासमोर पोहायचं. लोक हसले. एकाने विचारलं, बाई, बरं आहे ना? पण गेले. ओढ माझ्यासमोर खडकांत आली आणि मनोऱ्यासमोर स्वच्छ पांढरा फेस राहिला. आई दीड तास पोहली.

अकरा दिवस मी समुद्राला असं बनवलं. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटत होती. दोन गोष्टी तेवढ्या खटकत. ओढीच्या दोन्ही बाजूंना लाटांचा आवाज असायचा, पण तिच्या बरोबर समोर बसलं की कानात कापूस घातल्यासारखं सगळं बंद. आणि ती अरुंद होत चालली होती. आधी दोन निशाणांइतकी, वीस पावलं रुंद. मग दहा. अकराव्या दिवशी चार पावलं, म्हणजे माझ्या खुर्चीहून जरा जास्त. मी ते वहीत लिहिलं आणि पुढे काही विचार केला नाही.

बाराव्या दिवशी आई केशरी टोपी घरी विसरली. टोपीशिवाय ती मनोऱ्यावरून दिसायची नाही. मी पिशवीत एक जास्तीची ठेवत असे. निशाणं खडकांपाशीच ठेवून, खुर्ची तिथेच सोडून, मी टोपी घेऊन वाळूतून मनोऱ्याकडे चालत गेले. आई छातीभर पाण्यात होती. मी काठाशी उभी राहून ओरडले, "आई, टोपी!"

माझा आवाज मला फार मोठा ऐकू आला.

बाकी सगळे आवाज थांबले होते.

माझ्या पायांपासून आत, सरळ, चार पावलं रुंद काळं पाणी होतं. आई त्याच्या मधोमध होती. ती माझ्याकडे तोंड करून मागे मागे जात होती, कुणी खुर्चीसकट ओढून नेल्यासारखी. मी खडकांकडे बघितलं. निशाणं फडफडत होती. त्यांच्यासमोर पांढराशुभ्र फेस होता.

आईने आडवे हात मारले. पट्ट्याच्या कडेपर्यंत आली, पण त्याच वेळी मीही तिच्या बाजूला चार पावलं सरकले होते. आणि कड तिच्यापुढे चार पावलं सरकली.

तेव्हा मला कळलं. निशाणांशी ओढीला कधीच काही देणंघेणं नव्हतं. निशाणांच्या मागे रोज मी बसत होते.

आईने हात वर केला.

चौऱ्याहत्तर वर्षांत तिने कुणाला मदतीसाठी हात केला नव्हता. दमली होती ती. बुडणाऱ्याला धरायला द्यायची तरंगती ट्यूब माझ्या खांद्यावर होती. पाण्यात उडी मारायला मला तीन सेकंद लागतात आणि मी पट्टीची पोहणारी आहे. पण मी उडी मारली की ओढ माझ्याबरोबर तिच्याभोवतीच राहणार, हे मला माझ्या नावाइतकं पक्कं माहीत होतं.

मी पाठ फिरवली आणि पळाले.

"अहो, ती बुडतेय!" कुणीतरी किंचाळलं. "बाई पळाली! अरे, ती पळाली!"

मी मागे बघितलं नाही. काठाकाठाने, खडकांच्या दिशेने, फुफ्फुसं फुटेस्तोवर पळाले. उजव्या हाताला काळं पाणी माझ्याबरोबर पळत होतं. आवाज नव्हता. नुसतं काळं पाणी.

खडकांवर आपटले तेव्हा गुडघा फुटला. मग मागे बघितलं. मनोऱ्यासमोर फेस उसळला होता आणि एका लाटेने आईला उताणी काठावर आणून टाकलं होतं. पाणकोंबडा तिच्याकडे धावत होता. आई उठून बसली आणि तिने आधी काठी कुठे आहे ते बघितलं. मी खडकावर बसून हमसाहमशी रडले. समोर, माझ्या रुंदीचं काळं पाणी स्थिर उभं होतं.

चौकशी झाली. तिघांनी मोबाइलवर चित्रण केलं होतं. त्यात आई हात वर करून आहे आणि तिची जीवरक्षक मुलगी पाठ दाखवून पळते आहे. साहेबांनी ते मला दोनदा दाखवलं आणि विचारलं, "काही सांगायचंय?"

"आई जिवंत आहे," मी म्हटलं.

"ती लाटेने वाचली."

"तेच सांगतेय."

पळपुटी म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. उद्या पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा पळेन, आणि याहून जोरात पळेन.

आई चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने ताट बाजूला सारलं आणि विचारलं, "का पळालीस?" मी वही तिच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत वाचलं, चष्मा काढला, पुसला.

"म्हणजे तू इथे असलीस की मी पोहायचं नाही."

"हो."

"मग तू लांब जा कुठेतरी. मी काही समुद्र सोडणार नाही." जरा वेळाने तिने माझा फुटलेला गुडघा बघितला आणि त्यावर हात ठेवला. "तूही त्याला घाबरू नकोस. कळलं का?"

मला राग आला आणि हसूही आलं. खाण तशी माती.

आता मी आत, समुद्रापासून रेल्वेने दहा तासांच्या शहरात असते. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, पलंगावरून दाराला हात पोचेल एवढीशी, एक पलंग, एक शेगडी. खाली शाळेच्या तलावात मुलांना पोहायला शिकवते. पाणकोंबडा अधूनमधून फोन करतो. किनारा या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरा आहे म्हणतो, कुठेच ओढ नाही. आलेलं पाणी परत कुठून जातं, असं त्याने एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, तू आईकडे लक्ष ठेव.

आई रोज पोहते. आज सकाळी तिचाच फोन होता, धापा टाकत, खुशीत. पाणी काय सुंदर होतं म्हणाली, काठीशिवाय घरापर्यंत आले.

मी पलंगावर पडूनच ऐकत होते. हा पलंग लोखंडी आहे, दोन माणसांना उचलत नाही. मी तो आतल्या भिंतीला लावते. रोज सकाळी तो भिंतीपासून वीतभर दाराकडे, म्हणजे समुद्राच्या दिशेला, सरकलेला असतो. फरशी कोरडी असते. मी तो ढकलून पुन्हा भिंतीला लावते आणि मगच चहा टाकते. त्यात एकदाही खंड पडू दिलेला नाही.

"तुझं कसं चाललंय?" आईने विचारलं.

"मजेत," मी म्हटलं, आणि पडल्या पडल्या हात लांब करून दाराची कडी नीट लागली आहे ना, ते चाचपून बघितलं.