निळ्या पाखरांना कुणी मारलं?

“हे मांजराचं काम नाही!” पेटीचं झाकण उचलून टेसा म्हणाली. “एकाही पाखराला साधा ओरखडा नाही!”

आत निळी पाखरं एकमेकांना बिलगून बसली होती. थंडीत ती अशीच एका पेटीत दाटीवाटीनं झोपतात. पण उन्हं वर आली तरी ही हलत नव्हती. टेसाच्या धाकट्या भावाला, कोल्बीला, रडू आलं आणि ते लपवायला तो उगाच खोकू लागला.

अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या त्या टेकडीवर, कुंपणाच्या खांबांवर, या दोघांनी आणि शेजारच्या जूनीनं मिळून पाखरांसाठी लाकडी पेट्या ठोकल्या होत्या. नाताळची सुट्टी लागली आणि गोठवणारा पाऊस कोसळला. आज रात्री पुन्हा तसाच पडणार, असं रेडिओ सांगत होता. उरलेल्या पेट्यांमधली पाखरं तरी वाचायलाच हवी होती!

“विष!” जूनी कुजबुजली. “आणि तो बघ विष घालणारा!”

म्हातारे मिस्टर हॅस्केल पाठीवर पोतं टाकून पेटीपेटीपाशी थांबत होते, चोरून इकडेतिकडे बघत होते. एरवीही ते कुणाशी धड बोलत नसत. झालं, मुलांनी गुन्हा तिथल्या तिथे शाबीत करून टाकला! तिघं झाडांआडून सरपटत पुढे गेली.

“पोत्यात काय आहे तुमच्या?” जूनीनं एकदम समोर उडी मारली.

हॅस्केल दचकले, मग भडकले. “मलाच विचारतेस होय गं? पेट्या उघडून पाखरांना छळतं कोण, तेच पकडायला मी सकाळपासून हिंडतोय!”

“आम्ही छळतो? पेट्या आमच्याच आहेत!”

“मग नीट सांभाळा की!” त्यांनी पोतं उपडं केलं. आतून बेदाणे सांडले. पाखरांसाठीच आणलेले! जूनीचं तोंड एवढंसं झालं.

कोल्बीच्या हातात मेलेलं पाखरू होतं. “याच्या छातीचं हाड बोटाला टोचतंय,” तो हळूच म्हणाला. “हे उपाशी होतं.”

“उपाशी कसं? कुंपणाजवळ लाल फळांच्या हॉलीची एवढी झुडपं...” टेसा वळली आणि थबकली. जमीन गोठली की किडे मिळत नाहीत, मग पाखरं जगतात ती त्या लाल फळांवर. पण झुडपांवर एकही फळ नव्हतं, आणि फांद्यांची टोकं तिरकी, सफाईनं छाटलेली!

“पाखरं कात्री वापरत नाहीत,” हॅस्केल गुरगुरले.

झुडपांपासून गाडीच्या चाकांच्या खुणा निघाल्या होत्या. मध्येमध्ये लाल फळं सांडलेली. तिघं पळत सुटली, मागून हॅस्केल धापा टाकत आले. खुणा थेट चर्चच्या दाराशी थांबल्या!

दारातच टेसा-कोल्बीची आर्लीन आत्या झाडू उगारून एका निळ्या पाखराला हाकलत होती. “शुक! शुक! मेलं तोरणाची नासाडी करतंय!”

“आत्या, तोरणातली फळं कुठली गं?” टेसानं विचारलं.

“आपल्याच कुंपणाजवळची! दर नाताळला आम्ही बायका तिथूनच तर आणतो. यंदा चर्चचं छप्पर करायचंय, म्हणून विकायला जरा जास्त तोरणं केली. का गं?”

कोल्बीनं आत जाऊन विक्रीच्या टेबलावर, तोरणांच्या मधोमध, मेलेलं पाखरू ठेवलं. तोरणं घ्यायला आलेले लोक भोवती जमले.

“उपासमारीनं गेलं,” टेसा म्हणाली. “आज रात्री बाकीचीही जातील!”

आत्याच्या हातातला झाडू खाली आला. “अरे देवा! मला वाटलं, फळं काय, नुसती शोभेची... पण आता ही तोरणं विकली गेलीत. लोकांकडून परत कशी मागू?”

जूनी खुर्चीवर चढली. “तोरणं घेतलेल्यांनी ती आमच्या कुंपणावर टांगायची! कुणाला लाज वाटत नसेल तर त्यानं घरी न्यावं!”

आता घरी कोण नेतो! संध्याकाळपर्यंत कुंपणावर तोरणंच तोरणं झाली. ती गोठू नयेत म्हणून हॅस्केलनी वर फळ्या ठोकल्या.

रात्रभर पाऊस गोठत राहिला. सकाळी टेसानं झाकण उचललं. आत निळ्या पाठींचं कडं होतं. एक डोळा उघडला, आणि भुर्रकन सगळी तोरणांवर!

“पोरं हुशार आहेत,” हॅस्केल म्हणाले. “मीच उगाच संशय घेतला.”

“शाबास रे पोरांनो!” आत्या म्हणाली. तिनं छाटणीची कात्री कोल्बीच्या हातात दिली. “पुढच्या नाताळला कुठल्या फांद्या कापायच्या, ते तू सांगायचंस.”

“एकही नाही!” कोल्बी म्हणाला आणि त्यानं कात्री कोटात घालून वरून बटणं लावली.