दौंडच्या कॉलेजातलं प्लास्टरचं डोकं

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावसबहिणीसोबत, करुणाताईसोबत घडलेली आहे. थाप वाटत असेल तर इथंच थांबा.

साल १९९६. दौंड. मार्चमधला रविवार, भर दुपार.

ताई तिथल्या एका ड्रॉईंग कॉलेजात शिकत होती. इंग्रजांच्या वेळची दगडी इमारत. एका खोलीत प्लास्टरची डोकी. पुढच्या फळीवर ग्रीक देव, परीक्षेला तेच काढायचे. मागच्या फळीवर एकच डोकं आपल्याकडच्या माणसाचं. मिशा, बसलेली गालफडं, मिटलेले डोळे. कुणा इंग्रज साहेबानं श्वासापुरत्या नाकात नळ्या खुपसून, जिवंत माणसाच्या तोंडावर प्लास्टर थापून साचा काढला होता. खाली त्याचं नाव नव्हतं. नुसती जात लिहिली होती.

ताईनं तेच डोकं काढलं. आमच्या कवठे गावच्या आजोबांसारखं दिसायचं म्हणे.

शनिवारी सर्जेराव सरांनी कागद परत दिला. "हात चांगलाय तुझा. पण याला मार्क न्हाईत. देखणं म्हंजी ग्रीक, हा नुसता नमुना. सोमवारी ग्रीक देव आण, न्हाईतर वर्ष गेलं."

सरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आणि बन्सीकाकांची, म्हणजे ताईच्या वडिलांची, कंपनी नुकतीच बंद पडलेली. ताईचं वर्ष गेलं असतं तर शिक्षणच सुटलं असतं.

म्हणून रविवारी शिपाई म्हस्कूमामा तिला त्या खोलीत बसवून, बाहेरून कुलूप लावून जेवायला गेले. डोकी चोरीला जायची म्हणून तसा नियमच होता.

ताईनं देवाचं कपाळ काढलं. नाक काढलं.

आणि मागून आवाज आला...

अरुंद नळीतून कुणी श्वास ओढतंय, तसा.

तिनं वळून पाहिलं नाही. कागदाकडं पाहिलं.

कागदावर मिशा होत्या.

तिनं खोडलं. पुन्हा देव काढला. डोळे मिटलेले निघाले.

मागचा श्वास आता घरघरत होता... मग थांबला.

आणि ताईचा श्वास अडकला.

नाकातोंडात काहीतरी ओलं, गार, घट्ट होत चाललं होतं. तिनं दार बडवलं. बाहेर मालगाडी धडधडत होती, कुणाला ऐकू जाणार?

कानाशी कुणीतरी म्हणालं, "नळी निसटली बाय... सायबाला सांग की."

सांगायला साहेब होता कुठं?

म्हस्कूमामांनी दार उघडलं तेव्हा ताई फरशीवर पडली होती. कागद हातातच. सोमवारी सरांनी तो पाहिला आणि खूश झाले. "हुबेहूब ग्रीक देव." चित्र भिंतीवर लागलं, ताई पास झाली.

तिला मात्र त्यात अजून मिटलेले डोळेच दिसतात.

आता ताई त्याच कॉलेजात शिकवते. पोरांना ग्रीक देवच काढायला लावते, पाणी प्यायलाही उठू देत नाही. गेल्या दिवाळीत मी चिडून विचारलं, "ताई, तुझे हेच हाल झाले व्हते ना? मग पोरांचे कशाला?"

ताई म्हणाली,

"पोरं काढत असली, की मला श्वास घेता येतो रे. तेवढ्यापुरता."

यंदा माझ्या धाकट्या बहिणीनं, प्राचीनं, तिथंच नाव घातलंय. मी नको म्हणालो, पण कारण सांगता येईना.

घरी आली की रोज म्हणते, नाक चोंदलंय.

आई म्हणते, सर्दी असेल.